आठ पानं इकडे, आठ पानं तिकडे

“सही केव्हा करताय, बाई?”

रोहिदासनं तिसऱ्यांदा विचारलं. कुमुदबाई हर्डीकरांनी तिसऱ्यांदा न ऐकल्यासारखं केलं.

बाई म्हणजे आमच्या वाचनालयाचा संदर्भ विभाग. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी रोज दुपारी तीनला येऊन खिडकीपाशी बसायच्या. गावात एखादा वादाचा प्रश्न निघाला की त्यावर अहवाल करायचा, दोन्ही बाजू मांडायच्या आणि तालुक्यातल्या कॉलेजांना, वाचनालयांना पाठवायचा, ही शिस्त त्यांनीच लावलेली. मुलं तेवढं वाचून वादविवादाला उभी राहत. खाली बाईंची सही असली की त्या अहवालाकडे कोणी वाकड्या नजरेनं बघत नसे.

रोहिदासला ती सही हवी होती. तो वाचनालयाचा नवा ग्रंथपाल, आणि त्याची पाचावर धारण बसली होती.

यंदाचा प्रश्न कचरा डेपोचा. शहराचा कचरा जांभळखोरीच्या माळावर टाकायचा की नाही? खोरीचे लोक रस्त्यावर उतरलेले, नगरपरिषद हटायला तयार नाही. सोमवारी रोहिदासला एक फोन आला, “काय लिहिताय ते जपून लिहा.” मंगळवारी दुसरा आला, दुसऱ्या बाजूचा. शब्द तेच. बुधवारी सकाळी स्कूटरची दोन्ही चाकं बसलेली. हे काम कोणाचं, तेही कळायला मार्ग नाही.

“आठ पानं इकडे, आठ पानं तिकडे,” रोहिदास म्हणाला. “ओळीसुद्धा मोजल्यात. कोणाला बोट ठेवायला जागा नाही.”

“ऐकवलंस कोणाला?”

झालं! नेमका हाच प्रश्न त्याला नको होता. बाईंचा नेम असा, की ज्याची बाजू लिहिली त्याच्यासमोर बसून ती वाचून दाखवायची. “हेच आमचं म्हणणं,” असं तो म्हणाला, तरच कागद पुढे जायचा.

“वेळ नाही मिळाला...”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“गेलो होतो. खोरीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. भीती वाटते, बाई. बायकोला सातवा महिना आहे. कोणी काही केलं तर?”

धीर देणं वगैरे बाईंना कधी जमलंच नाही. त्यांनी अहवाल पुढे ओढला, मधलंच एक पान काढलं आणि मथळ्यावर तळहात ठेवला.

“वाच.”

“‘या प्रश्नाचा सर्व अंगांनी विचार होणे गरजेचे असून संबंधितांच्या भावनांचा योग्य तो आदर राखला जावा...’”

“ही कोणाची बाजू?”

रोहिदासनं ओळ पुन्हा वाचली. मग नकळत मान वाकडी करून बाईंच्या बोटांखालचा मथळा शोधू लागला. स्वतःच्या हातानं लिहिलेलं, आणि ओळखू येईना. त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात काठी घेतलेला एक उंच म्हातारा. जांभळखोरीचे सर्जेराव भोईटे. मोर्चात हा माणूस सगळ्यांच्या पुढे असायचा.

“या, सर्जेराव,” बाई म्हणाल्या. “निरोप पोचला म्हणायचा.”

“अव्हाल करणारा कोण?”

निदान आता तरी बाई आपल्याला पाठीशी घालतील, असं रोहिदासला वाटलं. बाईंनी सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं.

तो वाचायला लागला. काठीवर हनुवटी टेकून, डोळे मिटून सर्जेरावांनी आठही पानं ऐकली.

“हे आमचं?”

“हो...”

“आमचं न्हाई हे.” त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच रोहिदास जास्त हबकला. “गेल्या साली चाचणी म्हणून चार महिने कचरा वतला माळावर. माझ्या हिरीचं पाणी पिवळं झालं. गुरं त्वांड लावत न्हाईत. नात हंडा घिऊन दीड कोस जाती. हे कुठं लिवलंय?”

लिहिलंच नव्हतं. त्या पाण्याच्या तपासणीचा कागद रोहिदासच्या पिशवीत होता. नगरपरिषद चिडेल म्हणून त्यानं तो बाहेर काढला नव्हता.

बाईंनी पेन्सिल पुढे केली.

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर नगरपरिषदेच्या सफाई मुकादम शेवंताबाई. त्यांनी तीन पानांतच हात वर केला.

“थांब बाबा. हे आमचं न्हवं. नदीकाठचा जुना ढीग पेटतो, धूर दवाखान्यात शिरतो. माझ्या तीन बाया खोकून खोकून घरी बसल्यात. आन ती माळाची जागा खोरीच्या ग्रामसभेनंच ठराव करून दिलीया. इचार त्यांना.”

तो ठरावही रोहिदासनं पाहिला होता. खोरीवाले चिडतील म्हणून तोही पिशवीतच राहिला होता.

पेन्सिल पुन्हा पुढे आली.

शनिवारी तो नवा अहवाल घेऊन बाईंसमोर उभा राहिला. पानं आता सारखी नव्हती. खोरीची अकरा, नगरपरिषदेची नऊ. पाण्याचा तपासणी कागद आत होता, ठरावाची नक्कलही होती. “हेच आमचं,” असं सर्जेराव म्हणाले होते, शेवंताबाईही म्हणाल्या होत्या.

बाईंनी शेवटचं पान उलटलं.

“आता भीती वाटते?”

नाही म्हणावं, असं फार मनात आलं.

“वाटते. आधीपेक्षा जास्त वाटते. आता दोघंही एकमेकांचे कागद बघून चिडतील.”

बोलता बोलता त्यानं पानं उचलून क्रमानं लावली, एकही काढलं नाही.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“आण इकडे. सही करते.”