खाडीचं पहिलं पाणी

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत माझं. सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

"…मग बाबा, पिताय ना?"

निशिकांत पेडणेकर पेला पुढं धरून उभा. इंजिनियर. दर्ग्याच्या अंगणात त्याची मशीन. काचेच्या नळीत कोंडलेली जांभळी वीज, तिला तो प्लाझ्मा म्हणायचा. एका तोंडानं खाडीचं खारट पाणी आत, दुसऱ्या तोंडानं गोडं बाहेर. असं तो म्हणायचा.

आमच्या सांदेवाडीच्या विहिरी खारट. गोडं पाणी पलीकडनं मीच आणायचो, होडीत पिंपं भरून.

बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या. एकही पुढं सरकेना. त्या दिवशी गावानं पाणी घेतलं नसतं, तर मशीन माझ्याच होडीतनं परत जायची होती.

हसनबाबा, दर्ग्यातले म्हातारे फकीर, पेल्याकडं बघेचनात.

"बाबा, ही वीज जंतू जाळते. मीठ मागं राहतं. तपासून आणलंय. ह्याच्या पिंपांसारखं किडे पडलेलं नाही!"

बोट माझ्याकडं. सगळ्यांदेखत.

"उन्हातनं आलास. तहान नाही लागली?" बाबांनी विचारलं.

"लागली ना."

त्यानं पिशवीतनं विकतच्या पाण्याची बाटली काढली.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याकडं नव्या विहिरीचं पहिलं पाणी खोदणारा पितो, मग गाव. पण ह्या शहाण्याला सांगणार कोण?

बाबांनी हात पुढं केला. त्यानं बाटली दिली.

बाबांनी तिच्यातल्या पाण्यानं पाय धुतले. सावकाश. एक, मग दुसरा. बाटली रिकामी.

"बाबा! प्यायचं पाणी होतं ते!"

"हो का? मग तुझ्या हातात काय आहे?"

निशिकांतची कानशिलं लाल झाली. पेल्यात बघत राहिला. मग डोळे मिटून तोंडाला लावला.

थांबला…

परत लावला. तळापर्यंत.

"गोड आहे!" ओरडलाच. "बाबा, खरंच गोड आहे!"

"सरक रे इंजिनियरा!" फुलाबाईनं हंडा मशीनच्या तोंडाखाली ढकलला. मग काय! हंड्यांचा खणखणाट, पोरांच्या ओंजळी, कुणी कुणाला ऐकेना. मीही प्यायलो. चांगलं होतं पाणी, खोटं कशाला बोलू?

बाबा सगळ्यांच्या शेवटी प्यायले. रिकामा पेला निशिकांतच्या हातात ठेवला.

"आता विहीर खोदून झाली."

आणि माझ्या पिंपात किडा कधीच नव्हता. माफी अजून यायचीय. नाव विसरू नका: निशिकांत पेडणेकर.