तेच तेच गाणं

"पण महाराज, तेच तेच ऐकून माणसाला मिळतं काय?"

अच्युतबुवांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या हातात दोरीचं टोक होतं. टेकडीवरच्या मठात शिवगीर महाराज बाज विणत बसले होते. बुवा आले, वाकले, आणि नमस्कार पुरा व्हायच्या आतच महाराजांनी ते टोक त्यांच्या हातात दिलं.

"ताणून धर," एवढंच म्हणाले.

बुवांचा सदरा कडक इस्त्रीचा होता. काथ्याच्या दोरीनं तळहात चुरचुरत होता. पायथ्याच्या गावात त्यांचा गायनाचा वर्ग होता, पंचक्रोशीत त्यांच्या सुराला मान होता. दर गुरुवारी मठात त्यांचं भजन व्हायचं, आणि महाराजांसमोर गावं ते आपणच, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

आज गुरुवार नव्हता.

महाराजांनी दोरी बाजेखालून घेतली, वरून काढली, ओढली.

"काय म्हणालास?"

"शाल्मलीचं सांगतोय. माझ्या मुलीचं." बुवांनी घसा साफ केला. "लहानपणापासून तिला गाणं शिकवलं. आता तंबोरा खोळीत घालून ठेवलाय आणि ही कॉम्प्युटरवर गाणी करते. गाणी कसली... धप धप धप धप. ठोका, आणि त्याच्यावर सुरांचा एवढासा तुकडा. तो संपला की परत तोच. तो संपला की परत तोच. पाऊण पाऊण तास. आणि उद्या पुण्यात तिचा कार्यक्रम आहे. लोक तिकीट काढून ऐकायला येणार आहेत हे."

"मग?"

"मग तुम्ही तिला फोन करा. हे बंद कर म्हणा. माझं ऐकत नाही, तुमचा शब्द मोडणार नाही ती. आणि महाराज, मला जपाचं सांगू नका. तंबोऱ्याचंही नको. ते सगळं मीच माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो."

"नाही सांगत."

पलीकडे कडुलिंबाच्या पारावर तानीबाई शेंगा फोडत बसली होती. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे. ती बुवांच्या पायाजवळच्या पिशवीकडे बघत म्हणाली, "पुण्याला निघाला जणू बुवा?"

"छे. मी कशाला जातो? सांगितलंय मी तसं."

"कुणाला?"

बुवांनी पिशवी पायानं मागे सरकवली. शाल्मली कालच पुण्याला गेली होती आणि तिचा निरोप सकाळीच फोनवर आला होता. 'बाबा, येणार असलात तर कळवा. दारावर तुमचं नाव सांगून ठेवते.' बुवांनी तो वाचला होता. कळवलं काहीच नव्हतं.

"एवढं चिडायला झालं काय?" महाराजांनी विचारलं.

"परवाचंच सांगतो. गॅसवर दूध ठेवलेलं. मी ओट्यापाशीच होतो. पण तिच्या खोलीतून हे धप धप, धप धप. त्या गोंगाटात माणसाला भान राहतं का? उतू गेलं. सगळा ओटा पांढरा."

महाराजांनी दोरी ओढली.

"पुन्हा सांग."

बुवांना वाटलं, म्हातारपण. ते तानीबाईकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ऐकू कमी येतंय का त्यांना?"

"त्येंना? कालच्याला माझी शेळी पल्याडच्या माळावर वरडली. मला न्हाई, त्येंना ऐकू आली."

बुवांनी आवाज चढवला.

"दूध ठेवलं होतं, महाराज. मी तिच्या दाराशी गेलो. बंद कर ते, असं सांगायला. दार लावलेलं. आत तेच ते चाललेलं. तेवढ्यात दूध उतू गेलं."

"मगाशी तर तुमी वट्यापाशी हुता," तानीबाई म्हणाली.

"तू शेंगा फोड."

"फोडतेच की."

महाराज बाजेवर वाकले होते. त्यांनी एक फेर घातला, मग दुसरा.

"पुन्हा सांग."

"मी काय अडकलेली तबकडी आहे, महाराज?"

महाराज विणतच राहिले.

"तुम्हाला फोन करायचा नसेल तर तसं म्हणा. मी गेलो."

पण जाणार कसे? हातात दोरी होती. टोक सोडलं असतं तर विणलेली सगळी ओळ ढिली पडली असती. बुवांनी एक पाऊल मागे टाकलं, दोरी आणखी ताणली गेली, आणि महाराज मान वर न करता म्हणाले, "हां. अशी."

बुवांनी डोळे मिटले. मग एकेक शब्द दाताखाली चावत बोलू लागले.

"दूध ठेवलं होतं. मी दाराशी उभा होतो."

"दार वाजवलंस?"

"नाही."

"का?"

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"ते बदलायची. कशाची म्हणजे काय? गाणं बदलतं हो. गवई एक जागा घेतो, मग दुसरी घेतो. मला वाटलं, आता बदलेल. आता तरी. तर नाही. तेच. तेच... आणि मग एकदम लक्षात आलं, आत एक बारीक सूर आलाय. कधी आला ते कळलं नाही. आला होता की पहिल्यापासूनच होता, तेही सांगता येईना. सगळा जन्म कान तयार करण्यात गेला माझा, महाराज. आणि मला सांगता येईना."

एवढं ते रागानंच बोलले.

"तिला विचारलंस?"

"विचारलं. ओटा पुसताना. म्हटलं, बाई गं, यात आहे तरी काय? तर म्हणते..." बुवांनी मुलीचा आवाज काढला. "म्हणते, 'बाबा, तुमचं गाणं ऐकताना मला सारखं तुमच्या मागे धावावं लागतं. मी एका जागेपाशी पोचते तोवर तुम्ही पुढच्या जागेवर. यात कुणी पुढे जात नाही. मला तिथं बसता येतं.' घ्या. बसता येतं म्हणे. गाणं म्हणजे काय बाज आहे, बसायला?"

तानीबाई पदर तोंडाला लावून हसली. महाराजांनी विणलेल्या भागावर हात दाबून बघितला.

"पुन्हा सांग."

"कुठलं?"

"दुधाचं."

बुवांच्या कपाळावरची शीर उठली. खाली फाट्यावर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी चमकून तिकडे पाहिलं. ट्रक होता. मग हातातल्या दोरीकडे पाहिलं. तळहात लाल झाला होता. सांगून टाकावं एकदाचं आणि सुटावं, असं त्यांना वाटलं.

"दूध ठेवलं होतं," ते म्हणाले. "मी दाराशी उभा होतो. आत तेच चाललं होतं."

महाराजांनी आणखी एक फेर घातला.

"मग वास आला. दूध लागल्याचा."

महाराज थांबले.

"मला कळलं होतं, महाराज. दूध उतू चाललंय हे मला कळलं होतं."

"मग?"

"मी हललो नाही."

तानीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला वाटलं..." बुवांचा आवाज एकदम खाली आला. वर्गात हा आवाज कुणी ऐकला नव्हता. "मला वाटलं, वासानं तरी ती दार उघडेल."

लिंबावरून एक पान बाजेवर पडलं. ते कुणी उचललं नाही.

महाराजांनी हात पुढे केला, दोरीचं टोक बुवांच्या मुठीतून सोडवून घेतलं आणि बाजेच्या चौकटीला त्याची गाठ मारली. बुवा रिकामा झालेला हात तसाच धरून उभे राहिले.

"आहे का तुझ्यापाशी?"

"काय?"

"तिचं गाणं."

"फोनवर आहे. तिनं पाठवलं होतं कधीतरी." बुवांनी खिशातून फोन काढला. बराच वेळ त्यांचं बोट काचेवर वरखाली फिरत राहिलं. "सापडलं. पण पाऊण तासाचं आहे, महाराज. सगळं ऐकत बसलो तर पाचची बस जाईल."

"कुटली बस?" तानीबाईनं विचारलं.

"पुण्याची," बुवा म्हणाले. आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

तानीबाईनं ती शेंग फोडली.

महाराज अर्ध्या विणलेल्या बाजेवर बसले, जरा सरकले आणि शेजारची जागा थोपटली. बुवा बसले. दोऱ्या करकरल्या, पण ढिल्या पडल्या नाहीत. फोन दोघांच्या मध्ये.

"मग मधूनच लावतो थोडंसं." बुवांचं बोट पुन्हा अडलं. त्या जुन्या चिडक्या सुरातच ते म्हणाले, "पण मधूनच म्हणजे कुठून? सगळीकडे तेच तर आहे. कुठून लावू, महाराज?"

"कुठूनही लाव... ती तिथंच असेल."