ओव्याची पानं कुणाची?

भांड्यांना तोंड होतं आणि ती ते भरपूर चालवतही होती, तेव्हाची गोष्ट. इंदूआत्यांच्या घरी बारसं होतं. परसातल्या ओव्याची पानं खुडून त्यांनी डाळीच्या पिठात बुडवली आणि कढई आनंदानं तडतडू लागली, "आली रे आली, ओव्याची भजी आली!"

फळीवरचा खल संतापला. "अगं, त्या पानांचा रस पोटदुखीवर देतात! सगळी पानं तूच तळलीस आणि एवढं तेलकट खाऊन पाहुणे पोट धरून आले, तर मी काय कुटू? माझं डोकं?"

कढईला ऐकायला सवड कुठे होती! "आत्या, आणखी टाका!" "अहो, मला एकच मिळालं!" पाहुण्यांनी परात बघता बघता रिकामी केली.

खल संध्याकाळपर्यंत आ वासून वाट पाहत बसला. एकाचंही पोट दुखलं नाही. पाहुणे हसत, ढेकर देत घरी गेले.

शेवटी त्यानं खिडकीतून ओव्याला विचारलं, "काय रे, आज कुणालाच औषध कसं लागलं नाही?"

पानं गेलेला उघडाबोडका ओवा खदखदून हसला. "लागलं की, खलदादा! सगळ्यांनी मागून मागून घेतलं!"