सफरचंदाची कहाणी

माणसांना फळांची बोली कळत नसे, पण फळांना माणसांची कळे, तेव्हाची ही गोष्ट.

मथुराबाईंनी सत्यनारायणापुढे पाच फळं मांडली. सीताफळानं शेजारच्या सफरचंदाला ऐटीत विचारलं, "माझ्या नावात सीतामाई आहे. तुझं काय?"

सफरचंद गोंधळलं.

"त्याचं मी सांगतो," पेरू म्हणाला. त्याला सगळ्या बातम्या पोपटाकडून कळायच्या. "याच्यापायी दूरदेशी देवानं पहिल्या नवराबायकोला बागेतून हाकललं म्हणे!"

"काहीतरीच!" डाळिंब फणकारलं. "हे झाडावरून पडलं, म्हणून तर एका पंडिताला जगाचं कोडं सुटलं."

"असेल बुवा," केळं म्हणालं. "इथे मात्र पिशवीत सफरचंद दिसलं, की लोक एवढंच विचारतात, 'कोण आजारी आहे?'"

पापी, शहाणं की आजाऱ्याचं? सफरचंदाचं डोकं गरगरलं.

आरती झाली. मथुराबाईंनी नेमकं तेच उचललं आणि शेजारी अंथरुणाला खिळलेल्या भागूआत्यांकडे नेलं. 'म्हणजे केळ्याचंच खरं,' सफरचंद खट्टू झालं. आता ही म्हातारी आणखी कुठली कहाणी चिकटवते, या धास्तीनं ते जीव मुठीत धरून बसलं.

आत्यांच्या तोंडात दात नव्हते. मथुराबाईंनी सफरचंद चिरलं, चमच्यानं गर खरवडला आणि त्यांना भरवला. आत्यांनी डोळे मिटून तो जिभेवर घोळवला.

"गोड आहे गं," त्या म्हणाल्या.

सफरचंद चकित झालं. एवढ्या कहाण्यांत हे कुणी बोललंच नव्हतं.