रोहकाभोवतीची रेघ

पूर्वी शूर्पारक नगरीत सुकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्मले, आणि पुढे आपल्या बुद्धीच्या बळावर त्या नगरीचे न्यायामात्य झाले.

त्या नगरीत एक चाल होती. कर्ज थकले की सावकार ऋणकोला भर चौकात उभे करी आणि त्याच्याभोवती कोळशाने रेघ ओढी. कर्ज फिटेपर्यंत किंवा दास्य कबूल करेपर्यंत ऋणकोने रेघेबाहेर पाऊल टाकायचे नाही. टाकले तर चोराची शिक्षा. कायद्याचा एवढा भाग नगरीतल्या प्रत्येकाला पाठ होता. त्याच कायद्यात ऋणकोच्या बाजूचेही काही सांगितले होते. ते मात्र कोणा ऋणकोला ठाऊक नव्हते, कारण ते सांगण्यात सावकारांचा तोटा होता आणि न्यायशाळेतल्या लेखनिकांना विचारल्याशिवाय तोंड उघडायची सवय नव्हती.

रोहक नावाचा सुतार तिथे नावा बांधी. त्याने बांधलेली सर्वांत मोठी नाव पाण्यात उतरण्याआधीच वादळात फुटली. सागवान सोमिल श्रेष्ठीकडून उधारीवर आणले होते, दोरखंड तारणी नावाच्या म्हातारीकडून. सोमिलाने त्याला चौकात गाठले आणि रेघ ओढली.

"तू, तुझी बायको आणि दोन्ही मुली," सोमिल म्हणाला, "माझ्या घरी राबायला या. जन्मभर. मग रेघ पुसतो."

सोमिलाला हिशेब कळत होता. असा सुतार जन्मभर फुकट मिळाला तर थकलेल्या कर्जाच्या कितीतरी पट वसूल होणार होते.

बोधिसत्त्व स्नान करून त्या वाटेने येत होते. उन्हात उभा असलेला रोहक आणि रेघेबाहेर पाण्याचा घडा घेऊन बसलेली त्याची बायको मेघिला त्यांना दिसली.

"न्यायशाळेत दाद का नाही मागितलीस?" त्यांनी विचारले.

रोहकाने मान ताठ केली. "अमात्य, आमच्या सात पिढ्यांत न्यायशाळेची पायरी कोणी चढलेलं नाही. मीही चढणार नाही. तिथे जातो तो लबाड, असं आमच्यात समजतात."

"कोणी समजावलं तुम्हाला हे?"

मेघिला म्हणाली, "सोमिलांच्या वडिलांनी, यांच्या वडिलांना."

बोधिसत्त्व म्हणाले, "रोहका, ऋणकोने सभेपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं की माझ्याच्याने फिटत नाही, तर त्या क्षणापासून व्याज थांबतं. सगळ्या सावकारांना एकत्र बोलवावं लागतं. हत्यारं, राहतं घर आणि चुलीवरचं भांडं यांना कोणी हात लावू शकत नाही. बायकोमुलांना तर नाहीच. हा कायदा आहे. मी दया करत नाही. तू पायरी चढणार नसशील, तर मी उतरतो."

आणि त्यांनी आपले आसन चौकात आणवले, रेघेच्या अगदी कडेला.

ही बातमी राजवाड्यात पोचली. सुकेतू राजानेही आरमारासाठी सोमिलाकडून कर्ज काढले होते. त्याने बोधिसत्त्वांना बोलावून हळूच म्हटले, "अमात्य, सोमिल नाराज झाला तर उद्या माझ्या दाराशी उभा राहील. एका सुतारासाठी एवढं कशाला? सोमिल म्हणतो, तुम्हाला महामात्य करावं. मलाही ते पटतं."

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "माझं पद हवं तर आत्ता काढून घ्या. पण ही वाट आज रोहकाला बंद झाली, तर ज्या दिवशी तुम्हाला लागेल त्या दिवशी तुम्हालाही बंदच असेल. सोमिल तुमच्याभोवती रेघ ओढायला कचरणार नाही."

राजाने समुद्रातल्या आपल्या आरमाराकडे पाहिले. मग म्हणाला, "जा. चौकात बसा."

सगळी नगरी जमली. सोमिल ओरडला, "घेताना गोड लागलं, आता कायदा आठवला!"

"कायदा त्याला नाही आठवला, मी सांगितला," बोधिसत्त्व म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होता का, श्रेष्ठी?"

लोकांत कुजबुज झाली.

तारणी म्हातारी काठी टेकत पुढे आली. "मला माझ्या दोरखंडाचे पैसे हवेत. त्याच्या पोरी घेऊन काय करू? माझ्याच चार जणींनी जीव खाल्लाय." लोक हसले. ती सोमिलाकडे वळली. "आणि हा तुमच्या घरी गुलाम झाला तर तुमचं फिटेल हो, माझं कोण फेडणार? तुम्ही?"

बोधिसत्त्व म्हणाले, "रोहका, आता तू बोल."

रोहक मान ताठ करून रेघेकडे बघू लागला. सात पिढ्यांचा ताठा आडवा आला होता. मेघिला उठली. "अहो, बोला ना! नाव फुटली यात लाज कसली? पोरी त्यांच्या अंगणात झाडू मारतील, ती लाज बघवेल का?"

रोहकाने डोळे मिटले. "माझ्याच्याने फिटत नाही," तो म्हणाला. मग डोळे उघडून मोठ्याने म्हणाला, "पण हत्यारं माझ्यापाशी राहू द्या, मुदत द्या. प्रत्येकाचं फेडीन."

बोधिसत्त्वांनी निवाडा दिला. व्याज त्या घटकेपासून थांबले. रोहकाच्या कमाईतून घरखर्च वगळून उरेल त्याची वाटणी सर्व सावकारांत, ज्याच्या त्याच्या येणे रकमेच्या प्रमाणात.

"माझ्या वाट्याला कमी आलं," सोमिल म्हणाला.

"कमी नाही, श्रेष्ठी. न्यायाने येतं तेवढं आलं."

रेघ पुसायला सेवक पुढे झाला. बोधिसत्त्वांनी त्याला थांबवले. रोहकाने आपल्या पायाने ती पुसली आणि मेघिलेच्या हातचे पाणी प्यायला. त्याच आठवड्यात बोधिसत्त्वांनी तो कायदा चौकातल्या खडकावर कोरवला, सोप्या भाषेत. वाचता न येणाऱ्यांसाठी दर बाजारी डंका पिटून तो सांगायची व्यवस्था केली. पुढे रोहकाने नावा बांधल्या आणि एकूण एक सावकाराचे फेडले. शेवटचे देणे सोमिलाचेच होते. ते द्यायला तो सोमिलाच्या घरी गेला नाही. चौकात, सर्वांसमोर दिले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा ज्या प्रसंगी सांगितली तो असा. ऋण डोक्यावर असलेल्याला संघात प्रवेश नसतो. म्हणून दीक्षा मागायला आलेल्या एका वृद्धाला विचारले गेले, "तू अनृण आहेस ना?" त्याने छाती पुढे काढून असे काही "आहे!" म्हटले की तरुण भिक्खू हसू लागले. "मुंडण करायला आलाय, आणि ताठा केवढा!"

शास्ते म्हणाले, "हसू नका. हा ताठा त्याने कमावलेला आहे. तेव्हाचा रोहक तो हाच. मेघिला म्हणजे त्याला इथवर सोडायला आलेली, त्या दाराशी उभी असलेली त्याची पत्नी. तारणी म्हणजे विहाराच्या विहिरीला दरवर्षी दोर देणारी उपासिका. सुकेतू राजा म्हणजे स्थविर गुणपाल. भिक्षा मागणारे सगळे दिवाळखोर, असे काल स्वतःच्या दारातून ओरडला तो व्यापारी म्हणजे सोमिल. आणि आसन उचलून चौकात उतरला तो अमात्य मीच होतो."

ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत जी स्वतः चालत जाते, तिला प्रज्ञा म्हणतात. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पूर्ण केली ती ही प्रज्ञापारमिता.