टिकलीचं दार अडलं

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली. घरामागच्या हिरवळीत तिचं बीळ. बिळात तिचा धाकटा भाऊ इवलू.

पहाटे टिकली खाऊ आणायला गेली. परत येते तो काय! दारावर काहीतरी पांढरं. गोल, मऊ, गारगार. जाताना नव्हतं, येताना हजर!

आतून इवलू रडला, "ताई गं, अंधार झाला! ताई गं, दार उघड!"

टिकलीनं ढकललं. हुंऽऽ! हलेना. वास घेतला. "अगं बाई, ही तर कुत्र्याची छत्री!" कुत्र्याचा नि तिचा काही संबंध नाही हं, नुसतं तसं म्हणायचं.

"छत्री छत्री, तू सरक ना!"

छत्री म्हणाली, "मी नाही सरकत जा! खाली ओल आहे, म्हणून मी आहे. ओल गेली, तर मी सरकेन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गवताच्या मुळाशी ओल बसली होती.

"छत्री सरकत नाही, दार उघडत नाही, इवलू आत रडतो. ओल ओल, तू जा ना!"

ओल म्हणाली, "मी नाही जात जा! ऊन आलं, तर मी जाईन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन कुंपणापाशी थांबलं होतं.

"ओल जात नाही, छत्री सरकत नाही, दार उघडत नाही, इवलू आत रडतो. ऊन ऊन, तू ये ना!"

ऊन म्हणालं, "मी नाही येत जा! ती गोधडी मधे लोंबते. गोधडी हलली, तर मी येईन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दोरीवर गोधडी वाळत होती. टप टप, टप टप! घरातल्या छोट्या ओजूनं रात्री ओली केली होती ना! रोज ओली करायची, रोज तिथंच वाळायची.

"ऊन येत नाही, ओल जात नाही, छत्री सरकत नाही, दार उघडत नाही, इवलू आत रडतो. गोधडी गोधडी, तू हल ना!"

गोधडी म्हणाली, "मी नाही हलत जा! ओजूच्या आईनं काढलं, तर मी हलेन."

बिळातून आवाज आला, "ताई गं..." अगदी बारीक.

टिकली पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु! आई मागच्या दारात उभी. कडेवर ओजू.

"गोधडी हलत नाही, ऊन येत नाही, ओल जात नाही, छत्री सरकत नाही, दार उघडत नाही, इवलू आत रडतो. ओजूच्या आई, गोधडी काढा ना!"

आई म्हणाली, "कशी काढू गं? ह्याला खाली ठेवलं, की ती छत्री तोंडात घालेल. विषारी असली तर? ओजू पायरीवर बसला, तर मी काढीन."

टिकली चढली आईच्या पदरावरून ओजूच्या अंगठ्यावर.

"ओजू ओजू, तू बस ना!"

"नाही बशणाल! मला तो पांढला लाडू हवा!"

"लाडू नाही रे, कुत्र्याची छत्री. खाल्ली तर पोटात दुखतं."

"नाही बशणाल जा!"

टिकलीनं कान दिला. बिळातून आवाजच येईना.

"आई काढत नाही, गोधडी हलत नाही, ऊन येत नाही, ओल जात नाही, छत्री सरकत नाही, दार उघडत नाही, इवलू आत... ओजू, इवलू आता रडतही नाही रे! आत अंधार आहे."

अंधार? ओजूला अंधाराची फार भीती वाटते.

"आई," ओजू म्हणाला, "मला पायलीवल बशव."

ओजू बसला, हाताची घडी घालून. आईनं गोधडी काढली, सर्रकन! ऊन आलं, झपकन! ओल गेली, सुर्रकन! छत्रीनं मान टाकली, धप्प! आईनं ती काटकीनं उचलून केरात टाकली. दार उघडलं!

टिकली आत धावली. "इवलू! ए इवलू!"

कोपऱ्यात काहीतरी हललं. इवलूच! टिकलीनं त्याला घट्ट घट्ट धरलं. तिलाच रडू आलं.

इवलू हुंदके देत म्हणाला, "ताई, मी मुळीच घाबरलो नव्हतो."

"मुळीच नाही," टिकली म्हणाली, आणि त्याला उन्हात घेऊन आली.