गोजरा पटवेकरीण आणि शब्दखाऊ राक्षस

एकदा काय झालं, एका गावच्या एकुलत्या एका विहिरीवर राक्षस येऊन बसला. ए विनू, पाय आत घे आधी! हां. तर राक्षस साता समुद्रांपलीकडचा. त्याला माणसं नकोत, बकरी नकोत. मेल्याला भूक फक्त इंग्रजी शब्दांची! एक शब्द द्या, एक घागर न्या. पण खाल्लेला शब्द पुन्हा कुणी दिला, की तो गरजायचा, "उष्टा!" आणि देणाऱ्याचा जागच्या जागी दगड.

गावात एक मास्तर होते. त्यांनी शब्द शिकवले, लोकांनी घोकले. कॅट झाला, डॉग झाला, हॅपी झाला. मास्तर घसा फोडून सांगायचे, "अरे, शब्दांना जोड लावा! पुढे 'अन' लावा, अर्थ उलटा. मागे 'फुल' लावा, भरलेलं. 'लेस' लावा, रिकामं. 'नेस' लावा, गुणाचं नाव. 'अर' लावा, करणारा." पण ऐकतो कोण? सगळे घोकण्यात दंग. मग घोकलेले शब्द संपले. मग एकेकाचा दगड होऊ लागला. एकदा घाईत मास्तरांच्याही तोंडून उष्टा शब्द गेला, तेही सुटले नाहीत.

त्या गावात गोजरा नावाची पटवेकरीण होती. मणी ओवायची, माळांना गोंडे लावायची. आईबाप नव्हते. ती आणि धाकटी तानू, दोघीच एकमेकींना. एकदा गोजरा तापाने फणफणली, पाणी पाणी करू लागली. तानू घागर घेऊन धावली. घाबरून म्हणाली, "हॅपी." संपलं! पोर दगड झाली, घागर कमरेवर तशीच.

गोजरा ऊर बडवून रडली, बरं का. मग डोळे पुसले, तशीच तापात विहिरीवर गेली.

"राक्षसा, तुझं पोट भरलं तर?"

"मी 'पुरे' म्हटलं, तर जाईन. सगळे दगड सोडीन. पण आजवर कधी म्हटलं नाही!"

गोजरानं मास्तरांचं बोलणं आठवलं. मणी तोच, जोड नवा. म्हणाली, "अनहॅपी." राक्षसानं चावून पाहिलं. नवा होता! मग "हॅपीनेस." तोही नवा. मग "अनहॅपीनेस." राक्षसाला पहिली ढेकर आली.

मग घेतला हेल्प. हेल्पफुल, हेल्पलेस, हेल्पर, भराभर दिले. अन् इथेच घात झाला गं बाई. पटवेकरणीच्या हाताला सवय, कुठलाही गोंडा कुठल्याही माळेला चालतो. ती बोलून गेली, "अनहेल्प."

"असा शब्दच नाही! खोटा!"

तिचा डावा हात मनगटापर्यंत दगड झाला. गोजरा कळवळली. पण समोर तानू उभी होती, डोळे उघडे, पापणी हलत नाही. मग ती एकेक शब्द तोंडात घोळवून देऊ लागली. केअरफुल. केअरलेस. केअरलेसनेस. पेनफुल, पेनलेस. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. राक्षसाचं पोट टम्म फुगलं, आणि मेला ओरडला, "पुरे!"

बोलला नि स्वतःच दचकला. पण शब्द दिलेला, जावं लागलं.

दगड हलले. मास्तर खोकले. तानूच्या कमरेवरची घागर खाली पडली आणि पोर गोजराच्या गळ्यात पडली. "अक्का, तुझा हात गं!" सगळे सुटले, पण खोट्या शब्दाचा दगड काही सुटला नाही.

गोजरा रडली नाही. म्हणाली, "असू दे. तुला कुरवाळायला हा एक पुरे."

पुढे तानू दोरा धरायची, गोजरा उजव्या हाताने मणी ओवायची. गाव पोटभर पाणी प्यालं, दोघी सुखात राहिल्या. तुम्हीही घोटभर पाणी प्या आणि मुकाट्याने डोळे मिटा.